पंपखोलीत असतील कदाचित

बोगद्याचं छत बसलं तेव्हा फार मोठा आवाज झालाच नाही. साइट-ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत बाई नव्या क्रेनच्या सूचना आपल्या भाषेत उतरवत बसली होती. टेबलावरचा चहा कपातल्या कपात हिंदकळला, एवढंच. मग बाहेर कोणीतरी धावलं, मग सगळेच धावले, आणि सरावाच्या दिवसाखेरीज कधी न ऐकलेली ती धोक्याची लांब शिटी वाजायला लागली.

साइटवर सगळे तिला बाईच म्हणत. पूर्वी ती शाळेत इंग्रजी शिकवायची. शाळा बंद पडली, पाठोपाठ नवरा गेला, आणि ती धाकट्या दिराच्या घरी राहायला आली. दीर बोगद्यात ड्रिल चालवायचा. तिथले मुख्य इंजिनिअर परदेशी. त्यांना इंग्रजीशिवाय काही कळायचं नाही आणि मुकादमांना इंग्रजी सोडून सगळं कळायचं. "आमच्या वहिनीला ठेवा, ती दोन्हीकडचं बोलेल," असं दिरानेच जाऊन सांगितलं आणि बाई दुभाषी झाली. इंजिनिअर इतके उंच की पत्र्याच्या खोलीत शिरताना दर वेळी कमरेतून वाकायचे. कामगारांनी त्यांचं लंबूसाहेब करून टाकलं होतं, आणि तेवढं एक बाईने त्यांना कधी भाषांतर करून सांगितलं नव्हतं.

बोगद्याच्या तोंडाशी ती पोचली तेव्हा हजेरी चालू होती. दोन माणसं कमी होती. एक वेल्डर. दुसरा तिचा दीर.

बाईने शेजारच्या खांबाला धरलं. तेवढ्यात लंबूसाहेब समोर येऊन उभे राहिले. "तुमचा माणूस आत आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "तुम्हाला जमेल का? नाही म्हणालात तर मी दुसरं कोणी शोधतो." दुसरं कोणी नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. ती म्हणाली, "जमेल."

सगळ्यात शेवटी बाहेर आलेला माणूस म्हणजे डंपरवाला. तो जमिनीवर बसला होता, कपाळावरून रक्त येत होतं आणि भुवयांपर्यंत धुळीचा लेप बसला होता. साहेब त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी मातीत बोटाने बोगदा काढला. डावीकडे एक लहान चौकोन, ती पंपखोली. आणखी आत, उजवीकडे एक मोठा खळगा, गाड्या वळवायची जागा. दोघं या दोहोंच्या मधे काम करत होते. ते कुठल्या बाजूला पळाले?

बाईने विचारलं.

डंपरवाल्याने खोकून माती थुंकली. "पंपखोलीत असतील कदाचित," तो म्हणाला. "काही दिसत नव्हतं, बाई. नुसती धूळ."

बाईने ते इंग्रजीत सांगितलं. धुळीचंही सांगितलं. आणि पंपखोलीचं सांगताना तिच्या तोंडून शब्द आला, प्रॉबेबली.

साहेबांनी डाव्या चौकोनावर बोट ठेवलं, क्षणभर थांबले आणि उठले.

डोंगराच्या माथ्यावरून खाली भोक पाडायची मशीन एकच होती. ती पंपखोलीच्या बरोबर वर लावली. वीतभर रुंदीचं भोक, पण त्यातून हवा जाईल, पाणी जाईल, दोरीला बांधून औषध जाईल. पुढचा रस्ता मोकळा होईपर्यंत माणूस त्यावर तगून राहील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत भोक खाली पोचेल, असा हिशोब होता. पंपखोलीत जाणारा लोखंडी पाइप बोगद्याच्या तोंडापर्यंत येत होता. त्याला कान लावून लोकांनी ठोकून पाहिलं. पलीकडून उत्तर आलं नाही. साहेब म्हणाले, पाइप मधे चेपला गेला असणार. सगळ्यांनी माना हलवल्या.

माथ्यावर ताडपत्रीचा मांडव घातला. बाईची जाऊ, घरात जिला सगळे धाकटी म्हणत, ती तिथे येऊन बसली. वेल्डरचे वडील आले. ते आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. वेल्डरला आई नव्हती, लग्नही ठरायचं होतं, म्हणजे त्या घरात आता हे दोघंच. सगळे त्यांना बाबा म्हणू लागले. ते मशीनचा दांडा खाली जाताना बघत होते, आणि दांड्याला नवा तुकडा जोडला की हलकेच मान डोलवत होते, जणू एकेक थांबा मागे पडत होता.

"ताई, साहेब काय म्हणतात?" धाकटी घटकेघटकेला विचारायची.

"बहुतेक पंपखोलीतच आहेत म्हणतात," बाई सांगायची. आणि ते सांगताना तिलाही बरं वाटायचं. बहुतेक. हा शब्द रात्रभर त्या मांडवातल्या माणसांना पुरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पत्र्याच्या खोलीत साहेबांसाठी नकाशाच्या घड्या उलगडत होती. साहेब फोनवर होते, पलीकडे त्यांच्या मुख्य कचेरीतला कोणी वरिष्ठ. बाईचं अर्धं लक्ष होतं.

"नाही, साक्षीदार प्रॉबेबली म्हणाला आहे," साहेब सांगत होते. "तो नुसतं पॉसिबली म्हणाला असता तर मी पंपखोलीकडे बघितलंही नसतं. वळणाच्या जागेला वर लोखंडी कमानी आहेत, कुठलाही शहाणा कामगार तिकडे पळेल. पाइपमधून आवाजही येत नाही. सगळं उजवीकडे बोट दाखवतंय. पण प्रत्यक्ष बघितलेला माणूस प्रॉबेबली म्हणतो म्हटल्यावर मी माझा तर्क बाजूला ठेवला."

बाईच्या हातातली घडी तशीच राहिली.

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "साहेब, या दोन शब्दांत तुम्ही इतका फरक करता?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. थकलेल्या माणसाच्या सहनशीलतेने ते म्हणाले, "पॉसिबली म्हणजे असेलही, नसेलही, नाकारता येत नाही, इतकंच. प्रॉबेबली म्हणजे नसण्यापेक्षा असण्याची बाजू जड. एकावर मी फक्त विचार करतो. दुसऱ्यावर मशीन लावतो. का?"

बाईला शाळेतला फळा दिसला. तिने स्वतःच्या हाताने वर्षानुवर्षं लिहिलेली ती ओळ. परहॅप्स, मेबी, पॉसिबली, प्रॉबेबली, आणि चौघांपुढे मिळून एक महिरपी कंस: कदाचित. मुलं घोकायची. परीक्षेत चौघांपैकी कुठलाही लिहिला तरी ती बरोबरची खूण करायची.

"मी आलेच," ती म्हणाली.

प्रथमोपचाराच्या खोलीत डंपरवाला पलंगावर पडला होता. डोक्याला पट्टी होती, पण शुद्धीवर होता. बाई त्याच्या उशाशी बसली.

"काल तुम्ही काय म्हणालात, ते मला परत सांगा."

"कुठलं?"

"ते दोघं कुठे गेले."

"पंपखोलीत असतील कदाचित, असं म्हणालो."

"असतील म्हणजे, तुम्ही त्यांना तिकडे वळताना पाहिलं का?"

डंपरवाला गोंधळला. "बाई, मी गाडी टाकून पळत होतो. मागे बघायला मान तरी वळली असती का? साहेबांनी दोन जागा काढून दाखवल्या. पंपखोली पहिली होती, म्हणून ती म्हणालो. काहीतरी बोलायला पाहिजे होतं." त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कोपरावर उठून बसला. "का? मशीन तिकडेच लावली का? माझ्या एवढ्याशा बोलण्यावर?"

बाईला दिसत होती ती फक्त मशीन. काल दुपारपासून न थांबता एका रिकाम्या खोलीच्या दिशेने चाललेली मशीन. आणि तो दांडा तिच्या जिभेने तिथे रोवला होता.

परत जाताना तिच्या मनात आलं नाही असं नाही, की गप्प बसावं. भोक संध्याकाळी पोचणारच आहे. न जाणो, दोघं खरंच तिथे असतील. मग कोणाला काही कळायचंही कारण नाही. हा विचार तिच्या मनात प्रथमोपचाराच्या खोलीच्या पायरीपासून डिझेलच्या टाकीपर्यंत टिकला. टाकीपाशी ती धावायला लागली.

साहेबांना तिने उभ्याउभ्या सांगितलं. "तो प्रॉबेबली म्हणाला नव्हता. तो शब्द माझा. तो पॉसिबली म्हणाला होता. खरं तर तेवढंही नाही. त्याने काहीच पाहिलेलं नाही."

साहेबांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिला स्पष्ट दिसला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ही तुमची खात्री आहे, की अंदाज?" त्यांनी विचारलं.

"खात्री. मी आत्ता त्याला विचारून आले."

त्यांनी नकाशा ओढला. भोक निम्म्याहून बरंच खाली गेलं होतं. सोडून दिलं तर ते सगळं वाया, आणि उजवीकडे पहिल्यापासून सुरुवात, म्हणजे आणखी एक अख्खा दिवस. चालू ठेवलं तर संध्याकाळी एका बहुधा रिकाम्या खोलीत पोचायचं. ते नकाशावर दोन्ही तळवे टेकून उभे राहिले, आणि बाईला वाटलं, हा माणूस आता तिथेच कोसळणार. मग ते सरळ झाले, दारातून वाकायचं विसरले, कपाळ चौकटीवर आपटलं, तसेच बाहेर गेले आणि हाताने खूण करून मशीन थांबवली.

शांतता पसरली. कालपासून कानात भरून राहिलेला आवाज बंद झाला तेव्हा माथ्यावरची सगळी माणसं आपोआप उठून उभी राहिली. धाकटी पळत आली. "पोचली का? ताई, पोचली का?"

बाईने ते सगळ्यांसमोर सांगितलं. दुसऱ्या कोणी सांगण्यासारखं नव्हतंच. सांगायचं काम तिचंच होतं. मशीन चुकीच्या जागी होती. का, तर डंपरवाल्याचं बोलणं मी साहेबांना चुकीचं सांगितलं. तो कदाचित म्हणाला होता, मी बहुतेक केलं.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. जणू समोरची बाई ओळखीची आहे की नाही ते ठरत नव्हतं. "तुम्हाला इंग्रजी येतं ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला येतं म्हणूनच तर यांनी तुम्हाला लावून दिलं."

मग ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मशीन साखळ्यांवरून सरकत उजवीकडे जायला लागली तसे बाबाही उठले आणि काठी टेकत तिच्या मागोमाग चालायला लागले.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना दांडा पोकळीत शिरला. मशीन बंद करून लोकांनी दांड्याला कान लावले. खालून ठोकल्याचा आवाज आला. ठक, ठक. मग जरा थांबून परत. माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. धाकटी मटकन खाली बसली. भोकातून तारेला बांधून बोलायचं यंत्र सोडलं आणि त्याची वरची बाजू बाईच्या हातात दिली, कारण साहेबांना उत्तर तिच्याकडूनच कळणार होतं.

"भाऊजी?" ती म्हणाली.

बराच वेळ नुसती खरखर. मग दिराचा आवाज आला, घोगरा, सुकलेला. "वहिनी. पाणी सोडा."

"सोडतायत. लागलंय का तुम्हाला? दोघं ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे." पुन्हा खरखर. "तो गेला, वहिनी. सकाळी गेला. पाय धोंड्याखाली होता, मला हलवता नाही आला."

बाबा तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांना यंत्रातलं ऐकू आलं नव्हतं. ते तिचा चेहरा बघत होते. साहेबही तिचाच चेहरा बघत होते. कोणाला आधी सांगायचं, हे तिला कळेना. शेवटी ती बाबांकडे वळली आणि तिने आपल्या भाषेत सांगितलं. साहेबांना ते न सांगताच समजलं.

बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग परत पहिल्या हातात. त्यांना बसायला खुर्ची दिली, ते बसले नाहीत. मग ते म्हणाले, "साहेबांना विचारा. पहिल्यापासून इकडेच लावली असती, तर वाचला असता का?"

बाईने विचारलं. शब्द न् शब्द तसाच.

लंबूसाहेबांनी बाबांच्या नजरेला नजर दिली. मग एकच शब्द म्हणाले. पॉसिबली.

नाही म्हणून टाकावं. बाबांना इंग्रजी येत नाही. एक शब्द, आणि म्हातारा निदान झोपेल. ती स्वतःही झोपेल.

"कदाचित," ती म्हणाली.

"कदाचित म्हणजे?" बाबांनी विचारलं. "नीट सांगा."

"म्हणजे वाचलाही असता, बाबा. किंवा नसताही. साहेबांना सांगता येत नाही. पण वाचलाच नसता, असं त्यांना म्हणता येत नाही."

बाबांनी मान डोलवली, दांड्याला नवा तुकडा जोडल्यावर डोलवायचे तशी. मग ते बसले.

पुढे दोन दिवसांनी ढिगारा उपसून दिराला बाहेर काढलं. वेल्डरलाही. दीर घरी आला, पण काही आठवडे तो दार लावलेल्या खोलीत बसू शकायचा नाही. धाकटी बाईशी कामापुरतं बोलायची: मीठ द्या, दार लावा. एके दुपारी ती बाहेर गेलेली असताना दिराने आपणहून सांगितलं. बाईने विचारलं नव्हतं, विचारायची तिला हिंमतही नव्हती.

"मशीनचा आवाज येत होता आम्हाला," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तो म्हणायचा, येतायत. मग म्हणाला, अरे, हे पलीकडे चाललेत. तरी आवाज होता, वहिनी. आवाजाच्या जोरावर आम्ही बोलत होतो. तो लग्नाचं बोलायचा. मग दुसऱ्या दिवशी आवाज बंदच झाला."

बाईच्या हातातला ओला कपडा खाली पडला.

"तो म्हणाला, सोडून दिलं वाटतं आपल्याला. मी म्हटलं, नाही रे, सोडतील कसे. पण त्यानंतर तो बोलायचाच थांबला. मग आवाज आमच्या डोक्यावर सुरू झाला, तरी नाही बोलला."

म्हणजे ती चुकली तेव्हाही, आणि तिने चूक सांगितली तेव्हाही फटका त्यालाच बसला होता. बाई त्या स्वयंपाकघरात कितीतरी वेळ ओट्याला धरून उभी राहिली. दिराने उठून कपडा उचलला, तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "थांबवली नसती तर मी पण गेलो असतो. तेही हिशोबात धरा." त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. तिला धरता आलं नाही.

तिने नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला. तो द्यायला निघाली तेव्हा दारात बाबा उभे होते.

चौकशी लागणार होती. छत मुळात का बसलं, कोणाला आधी कल्पना होती का, हे विचारायला बाहेरून अधिकारी येणार होते. त्यांचंही सगळं काम इंग्रजीत. मुलगा घरी काय काय बोलायचा ते बाबांना सांगायचं होतं. "तुम्ही चला माझ्याबरोबर," ते म्हणाले.

"मी?" बाईचा विश्वास बसेना. "बाबा, माझ्यामुळे..."

"ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत. कंपनी देईल तो दुभाषी चुकला तर मला सांगणारही नाही. चपला घाला, बस चुकेल."

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि पंखा कुरकुरत होता. चौकशी करणाऱ्या महिला अधिकारी सभ्य होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, छतातून पाणी ठिबकतं असं मुलगा घरी म्हणाला होता. ते त्याने मुकादमांनाही सांगितलं होतं का?

"सांगितलं असेल," बाबा म्हणाले.

बाईने तोंड उघडलं आणि मिटलं. मग अधिकाऱ्यांना म्हणाली, एक मिनिट. ती बाबांकडे वळली. "बाबा, सांगितलं असेल म्हणजे कसं? बहुतेक सांगितलं असेल, की कदाचित?"

कंपनीचा वकील घड्याळाकडे बघायला लागला. बाबांना समजलं होतं. बहुतेक म्हटलं तर मुकादम अडकतो, कंपनी अडकते, मुलाच्या मरणाचा जाब कोणाला तरी द्यावा लागतो. ते टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिले. कोणीही घाई केली नाही, निदान बाईने कोणाला करू दिली नाही.

"तो लाजरा होता," बाबा शेवटी म्हणाले. "मोठ्यांसमोर बोलायचा नाही. कदाचित म्हणा."

बाईने तेच सांगितलं. त्या शब्दाने बाबांची बाजू जड झाली नाही. चौकशीचा निकाल दुसऱ्या साक्षींवर लागला. कमानी कमी बसवल्या म्हणून कंपनीवर ठपका आला, पण तो ज्याच्या डोक्यावर यायला हवा होता त्याच्या डोक्यावर आला की नाही, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लंबूसाहेबांची बदली झाली. जाताना ते बाईला भेटले आणि त्यांनी हात पुढे केला.

चौकशीहून परत येताना बाबा आणि बाई बसच्या पुढच्या सीटवर बसले. बाबा सवयीने चालकाच्या हातांकडे बघत होते. आपल्या थांब्यावर उतरताना ते तिला म्हणाले, "गुरुवारी परत बोलावलंय. याल ना?"

"नक्की येईन," ती म्हणाली, आणि गुरुवारी गेली.